न पाहिलेल्या भिंतीचा पंचनामा

जुलै महिन्याचा दुसरा सोमवार. अमरावतीच्या ज्या महाविद्यालयात मी तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, तिथल्या आवक खिडकीवर मी विभागप्रमुखांच्या नावे अर्ज दिला आणि पोच घेतली. अर्जावर कोणतीही कार्यवाही झाली नाही. जबाबदार : विभागप्रमुख बाई, ज्या आम्हाला ‘कला आणि संवेदन’ हा पेपर शिकवीत.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. स्मरणपत्र दिले, पोच घेतली. कार्यवाही नाही. जबाबदार : त्याच.

सप्टेंबरचा तिसरा रविवार. एक पंचनामा करण्यात आला. तो खोटा होता. जबाबदार : मी स्वतः.

ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीचा गुरुवार. आमच्या गावच्या विहाराची मागची भिंत छिन्नीने टाचून तिच्यावर टाइल बसवण्यात आली. त्या भिंतीवर माझ्या थोरल्या भावाने काढलेले बुद्धाचे चित्र होते. जबाबदार : विहार समितीचे अध्यक्ष. त्यांची जबाबदारी मी सर्वांत कमी धरतो.

मार्चचा पहिला बुधवार. तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, जे चित्र त्यांनी कधी पाहिले नव्हते आणि आता कोणालाच पाहता येणार नव्हते, त्याविषयी ‘कलादृष्ट्या सामान्य’ असे दोन शब्द लिहिले. जबाबदार : परीक्षक, आणि त्या शब्दांखाली सही करणाऱ्या विभागप्रमुख बाई.

नावे मुद्दाम लिहीत नाही. चौतीस वर्षे मी कोर्टात नोकरी केली, कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कोणते वाक्य अब्रुनुकसानीत बसते आणि कोणते बसत नाही, हे मला वकिलांइतके कळते. ज्यांना स्वतःला ओळखायचे आहे, ते वरच्या पाच परिच्छेदांत ओळखतील.

माझे घर अकोल्याला आहे. मूळ गाव तेल्हाऱ्याच्या पुढे, हिवरखेडच्या अलीकडे. निवृत्तीनंतर माणसे जी कामे करतात, त्यांपैकी काहीच मला जमले नाही. सकाळचे फिरणे जमले नाही, कारण फिरणाऱ्या मंडळींची मते ऐकवत नसत. बाग जमली नाही. दोन वर्षे मी पत्रे लिहिली : पाण्याच्या वेळेबद्दल महानगरपालिकेला, थांब्यावर न थांबणाऱ्या गाडीबद्दल आगाराला, चुकीच्या नकाशाबद्दल भूमी अभिलेखला. काहींची उत्तरे आली.

मग दादा गेला. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तेल्हाऱ्यात तो पाट्या रंगवायचा. कापड दुकान, दवाखाना, कापसाचे जिनिंग, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचे नाव. एके काळी त्या गावातली निम्मी अक्षरे त्याच्या हातची होती. फ्लेक्स आले आणि अक्षरे गेली. त्याच्या आयुष्यातले एकच काम असे होते ज्यावर एकही अक्षर नव्हते, आणि ते म्हणजे विहाराची मागची भिंत.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभे केले. समोर ती भिंत होती. मी म्हणालो, “दादाने काढलेली ही भिंत फार चांगली आहे.” पुढचे वाक्य आले नाही. काय चांगले आहे, कशामुळे चांगले आहे, हे मला सांगता येईना. आयुष्यभर दुसऱ्यांची म्हणणी कायदेशीर भाषेत बसवून दिली, आणि सख्ख्या भावाच्या एकुलत्या एका कामाबद्दल माझ्याजवळ ‘फार’ आणि ‘चांगली’ एवढे दोनच शब्द निघाले. मी खाली बसलो.

त्या वर्षी मी प्रवेश घेतला. बायको म्हणाली, “कोर्टातून सुटले न् शायेत जाऊन बसले. आता गणवेश शिवा लागन का तुमचा?”

“तत्त्वज्ञानाला गणवेश नसतो.”

“मंग बरं हाय. नाही तं मले हाफपँटले इस्तरी करा लागली असती.”

आठवड्यातून तीन दिवस अकोला ते अमरावती आणि परत. वर्गात आम्ही सात जण होतो. सहा जण माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांत परतवाड्याची एक मुलगी होती, फार हुशार आणि फार तोंडाळ. तिने पहिल्याच आठवड्यात मला ‘वकीलकाका’ करून टाकले. मी वकील नव्हतो हे तिला तीनदा सांगितले, नंतर सोडून दिले.

बाईंबद्दल मी जे लिहिणार आहे, त्याच्या आधी हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे की त्या उत्तम शिकवीत. पहिल्या तासाला त्यांनी टेबलावर स्टीलचा एक ग्लास ठेवला आणि विचारले, “काय दिसतं?”

“ग्लास,” सगळे म्हणाले.

मी म्हणालो, “ग्लासची माझ्याकडची बाजू दिसते. पलीकडची बाजू आहे, असे मी धरून चालतो.”

बाई माझ्याकडे वळल्या. “काका, तुम्ही कोर्टात होतात ना?”

“होय.”

“तरीच. असा साक्षीदार मला वीस वर्षांत मिळाला नाही.”

परतवाड्याची मुलगी मागून म्हणाली, “वकीलकाका, त्यात चहा हाय का नाई, थे सांगा ना पयले.”

“ते मी उठून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही,” मी म्हणालो, आणि वर्ग हसला. बाईही हसल्या, पण त्यांनी माझे वाक्य फळ्यावर लिहिले : उठून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

त्याच महिन्यात त्यांनी तो नियम सांगितला, ज्याच्यावर हे सगळे लेखन उभे आहे. माझ्या वहीत तो शब्दशः आहे. एखादी वस्तू वजनाला किती आहे, हे दुसऱ्याने मोजून सांगितले तरी आपण मानतो. ती कुठे ठेवली आहे, हेही दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानतो. पण ती सुंदर आहे किंवा नाही, हे उसने घेता येत नाही. त्यासाठी स्वतः तिच्यासमोर उभे राहावे लागते. ज्याने पाहिले नाही, त्याने त्या बाबतीत गप्प बसावे.

मी हात वर केला आणि म्हणालो, “कायद्यात याला ऐकीव पुरावा म्हणतात. तो सहसा ग्राह्य धरत नाहीत.”

“बघा,” बाई इतर मुलांना म्हणाल्या, “जे तुम्हाला दोन सत्रांत कळणार आहे, ते यांना आधीपासून माहीत आहे.”

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीला डोके टेकून बसलो होतो, आणि कितीतरी वर्षांनी मला कोणीतरी शाबासकी दिल्यासारखे वाटत होते. लिहायला लाज वाटते, पण वाटले होते.

आता भिंतीविषयी.

मी अकोल्याला शिकत असताना, एका उन्हाळ्याच्या सुटीत दादाने ती रंगवली. बुद्ध झाडाखाली बसलेले, मागे आमच्या शिवारासारखे काळे रान. हात नीट जमले नव्हते. डावा हात उजव्यापेक्षा लांब होता. पण डोळ्यांत त्याने काहीतरी केले होते. पापणीच्या खाली, काडीएवढ्या रुंदीची एक रेघ त्याने रंगवलीच नव्हती. तिथे भिंतीचा पांढरा गिलावा तसाच उघडा ठेवला होता. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आडवे यायचे, आणि दारातून आत येणाऱ्याला ती रेघ चमकताना दिसायची. दारातून बुद्धांचे डोळे उघडे दिसत आणि ते तुमच्याकडे पाहत. चार-पाच पावले पुढे गेलात की चमक जायची, रेघेचा नुसता गिलावा व्हायचा आणि डोळे मिटलेले दिसत.

आई तेव्हा होती. ती दारातून आत गेली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा आत गेली. मग म्हणाली, “दुरून पाह्यते, अन् जवय गेलं का डोये लावून घेते. कावून रे, तुया बापाची सवय लावली का याले?”

सगळे हसले. दादाही. मी त्याला विचारले, “हे मुद्दाम केलेस?”

“पांढरा सरला होता,” दादा म्हणाला. “तेल्हाऱ्याले कोन जाते पुन्हा?”

तो खरे बोलला की थट्टा केली, हे मला तेव्हा कळले नाही. नंतर विचारायचे राहून गेले.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी वर्गात ही हकिगत सांगितली. वाद पेटला. एक जण म्हणाला, रंग संपला म्हणून जागा कोरी राहिली असेल, तर ती कला नव्हे, अपघात आहे. परतवाड्याची मुलगी म्हणाली, “अपघात तं अपघात, पाह्यतो तं आपल्याकडंच ना थो?” बाई पुढे सरसावून बसल्या आणि विचारू लागल्या : उघडे डोळे भिंतीवर आहेत की पाहणाऱ्यात? दादाच्या मनात नसेल तर ते चित्रात आहेत असे म्हणता येईल का? त्या म्हणाल्या, “काका, हाच विषय घ्या. मात्र आम्हाला ते पाहावं लागेल. विभागातले आम्ही दोघे येऊ.”

येऊ, असे त्या म्हणाल्या. सात जणांसमोर.

या शब्दाला किती वजन होते, ते त्यांना मी अर्जात लिहून कळवले होते. विहार समितीने ठराव केला होता की धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी मागच्या भिंतीला टाइल लावायची. अध्यक्ष म्हणजे आमच्या गावचे निवृत्त मास्तर. मी जूनमध्ये त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

“जयभीम, मास्तर. ठराव मागे घ्या.”

“जयभीम. काहून बरं?” मास्तरांनी विचारले. “भाऊ, भिंत ओल धरते. पावसायात पोपडे पडते. बायाइले रोज झाडा लागते. तुमी अकोल्याले राह्यता, तुमाले भिंत आठवते. आमाले थे पोपडे दिसते.”

“दादाची आठवण आहे ती.”

“मले नाई का दादाची आठवण? माया शाळेची पाटी त्यानंच रंगवली. पन लोकाइले म्या काय सांगू? तुमी म्हन्ता चांगली हाय. तुमी तं भाऊच हा त्याचे.” मग म्हणाले, “असं करा. तुमच्या कालेजची दोन मानसं आना. थे पाहून म्हनतीन का ठेवा, तं ठेवतो. एक कागद द्या त्याइच्या सहीचा. मले दाखवाले कागद पाह्यजे, बस.”

याहून न्याय्य अट मी माझ्या सबंध नोकरीत कोणत्याही पक्षकाराच्या तोंडून ऐकली नाही. म्हणून मास्तरांची जबाबदारी मी सर्वांत कमी धरतो.

जुलैत अर्ज देताना परतवाड्याची मुलगी माझ्या मागे उभी होती. “काका, अर्ज काहून देऊन राहिले? मॅडमले तोंडानं सांगा ना.”

“तोंडाने सांगितल्याची पोच मिळत नाही.”

“तुमी न, घरी चहा मागाले बी अर्ज करत असान.”

ऑगस्टमध्ये मी बाईंना जिन्यात गाठले. त्यांच्या हातात फायलींचा गठ्ठा होता. महाविद्यालयाची तपासणी करायला समिती यायची होती, आणि सगळे विभाग जुनी हजेरीपत्रके नव्याने लिहिण्यात गुंतले होते.

“काका, येणारच आहोत हो. एकदा ही समिती जाऊ द्या. तोवर फोटो पाठवून ठेवा ना मला.”

“फोटोत ते दिसत नाही, मॅडम. म्हणून तर तुम्ही यायचे आहे.”

“तरी पाठवा. अंदाज येईल.”

मी पाठवला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी काढलेला, मोबाइलच्या फ्लॅशमधला. बुद्धांच्या छातीवर उजेडाचा गोल ठिपका, बाजूला दोन हार, आणि डोळे सपाट मिटलेले. तो पाठवणे ही माझी चूक होती, असे आता मानतो. ज्या चित्राचा सारा जीव चार पावलांच्या अंतरात होता, त्याची एक मेलेली नक्कल मी स्वतःच्या हाताने दाखल करून दिली, आणि पुढे तीच पुरावा म्हणून वापरली गेली.

सप्टेंबर उजाडला. समिती आली, गेली. बाई आल्या नाहीत. आता त्या तिसऱ्या रविवारची जबानी, आणि ती मी स्वतःविरुद्ध देत आहे.

मला वाटले, कागद तर कागद. पंचनामा ही माझ्या हातातली गोष्ट होती. शनिवारी अकोल्याला टेबलाशी बसून मी तो सुवाच्य अक्षरात लिहून काढला. भिंतीची चतुःसीमा, लांबी, उंची, चित्राचे वर्णन, पूर्वेच्या खिडकीतून येणारा प्रकाश, दारातून उघडे व पाच पावलांवर मिटलेले दिसणारे डोळे. शेवटी नेहमीचे कलम : सदर भिंत आम्ही पंचांनी समक्ष पाहिली, वरील मजकूर वाचून पाहिला, तो बरोबर आहे म्हणून सही केली.

बायको चहा घेऊन आली. वाचून म्हणाली, “पाहून तं या आधी, मंग लिहा.”

“मला पाठ आहे.”

“पाठ हाय म्हूनच म्हनून राहिली, पाहून या.”

मी ऐकले नाही. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो पंचनामे गेले. त्यांतले किती जागेवर लिहिले जातात आणि किती स्टँडसमोरच्या हॉटेलात, हे मला ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक असायला हवे त्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. आधी लिहायचा, मग दोन शहाणी माणसे गाठायची, सही घ्यायची. पंच नंतर कोर्टात उलटतात, आणि आपण त्यांना ‘फितूर’ म्हणतो. फितूर नसतात ते बिचारे. त्यांनी काही पाहिलेलेच नसते.

रविवारी गावात उतरलो. स्टँडवरच्या हॉटेलात बाकड्यावर दोघे ओळखीचे बसले होते. एक ग्रामपंचायतीत शिपाई होता, दुसरा आमच्याच भावकीतला.

“जयभीम काका. हे काय आनलं?”

“दादाच्या भिंतीचा पंचनामा. सही पाहिजे.”

“आना. पन भांडन तं नाई ना काही? मले कोर्टात नका नेजा.”

“कोर्ट नाही, कॉलेज आहे.”

“मंग दोन सह्या घ्या,” भावकीतला म्हणाला, आणि दोघांनी कागद मांडीवर ठेवून सह्या केल्या. खाली मोबाइल नंबर लिहिले, जसे लिहायची पद्धत आहे. विहाराचा झेंडा त्या बाकड्यावरून दिसत होता. शंभर पावले असतील. तेल्हाऱ्याची जीप भरत आली होती, ड्रायव्हर “एक सीट, एक सीट” ओरडत होता. मी कागदाची घडी केली आणि त्या एका सीटवर जाऊन बसलो.

मी आत गेलो नाही. ते भिंतीचे शेवटचे दिवस होते, आणि मी शंभर पावले चाललो नाही, कारण मला पाठ होते.

तो कागद घेऊन मी नंतर मास्तरांकडे गेलो तेव्हा त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. “भाऊ, ह्या सह्या तं आपल्याच लोकाइच्या हाय. कालेजची कुठं हाय?” मी कागदाची पुन्हा घडी केली आणि तेव्हाही विहारात न जाताच निघालो. त्यांनी आणखी दहा दिवस वाट पाहिली. हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. दहा दिवस त्यांनी मिस्त्र्याला थांबवून ठेवले, बायकांची बोलणी खाल्ली, आणि मला दोनदा फोन करून विचारले, “येऊन राहिले का कोनी?”

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी गावी गेलो. टाइल पांढऱ्या, गुळगुळीत. मधोमध छापील बुद्ध, दोन्ही हात सारखे, डोळे कुठूनही पाहिले तरी तसेच. मी मिस्त्र्याला विचारले, जुना रंग खाली तसाच आहे का? तो म्हणाला, “नाई ना साहेब. टाचे मारल्याशिवाय टाइल धरत नाई. सगळी भिंत टाचली.” म्हणजे छिन्नीने बोटाबोटावर खड्डे पाडले. डोळ्यांवरसुद्धा.

लघुप्रबंध मी तरीही लिहिला. आता तो नुसता वाद राहिला नव्हता, भिंत उरली होती ती एवढ्या पानांतच. जानेवारीत सादर केला, पंचनामा परिशिष्ट म्हणून जोडला. मार्चच्या बुधवारी तोंडी परीक्षेला बसलो. परीक्षक सभ्य गृहस्थ होते, पातळ आवाजाचे. शेजारी बाई.

“तुमच्या विवेचनाचा सगळा भार त्या डोळ्यांवर आहे,” परीक्षक म्हणाले. “पण फोटोत ते मिटलेले दिसतात.”

“फोटो फ्लॅशचा आहे. पंचनामा पाहावा.”

“पाहिला. फार सुंदर लिहिला आहे.” त्यांनी शेवटचे पान उलटले. “इथे नंबर आहेत. विचारू का?”

मी हो म्हणालो. त्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. शिपायाने उचलला.

“तुम्ही विहाराच्या भिंतीच्या पंचनाम्यावर सही केली होती का?”

“कोनती भिंत? हां, काकाची. केली न.”

“भिंत पाहून केली?”

“काकानं लिव्हलं होतं न सगळं. पाहाचं काय त्यात? पन भिंत होती बाप्पा. खोटं नाई सांगत.”

“पूर्वेच्या खिडकीतून ऊन यायचं, असं लिहिलं आहे.”

“पूर्वेची खिडकी?” पलीकडे कोणाशी तरी बोलणे झाले. “थे तं कवाचीच बुजवली, साहेब. तिकडं घर झालं न बाजूच्याचं. दहा-बारा वरसं झाली असन.”

परीक्षकांनी फोन बंद केला. माझ्याकडे पाहिले नाही, हे त्यांचे सौजन्य. मी टेबलाकडे पाहत होतो. खिडकी बुजवल्याचे मला कोणी तरी सांगितले असेल. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती बुजवलेली खिडकी माझ्या डोळ्यांसमोर असणार. मला ती दिसली नाही. तरुणपणी अकोल्याला शिकत होतो तेव्हाचे ऊन मी त्या भिंतीवर पाहत आलो होतो, आणि तेच लिहून दिले होते. माझ्याकडची बाजू.

अहवाल दोन आठवड्यांनी मिळाला. तीन वाक्ये. पहिले : सादर केलेला पुरावा विश्वसनीय नाही. दुसरे : छायाचित्रावरून पाहता सदर चित्र कलादृष्ट्या सामान्य, हौशी स्वरूपाचे आहे. तिसरे : लघुप्रबंध अमान्य, नवीन विषयावर पुन्हा सादर करावा. खाली दोन सह्या. परीक्षकांची, आणि ज्यांनी फळ्यावर माझे वाक्य लिहिले होते त्यांची.

पहिले वाक्य मला मान्य आहे. तिसरेही. पदवी मला नको आहे. खोट्या पंचनाम्याला जे मिळायला हवे ते मिळाले, आणि आयुष्यात प्रथमच त्या अपराधाला शिक्षा होताना मी पाहिली.

दुसरे वाक्य मागे घ्यावे म्हणून मी महाविद्यालयाला एकोणीस पत्रे लिहिली. माहितीच्या अधिकारात विचारले की सदर चित्र पाहण्यासाठी विभागातील कोणी व्यक्ती गावी गेल्याची काही नोंद आहे काय. उत्तर एका शब्दाचे आले : निरंक.

एप्रिलमध्ये मी वहिनीकडे गेलो. विहार झाडायचे काम ती कितीतरी वर्षे रोज करते. मी विचारले, “वहिनी, खिडकी बुजवल्यावर डोळे उघडे दिसायचे का गं? दारातून?”

तिने झाडू भिंतीला टेकवला. “मले काय माहीत, भाऊजी? मी तं खाली पाहून झाडो. वर कोन पाह्यते? कचरा खाली असते.”

“एकदाही?”

“तुमचे दादा असताना मांगं लागत. म्हने, दारातून पाह्य. मी म्हनो, तुमीच पाहा, मले सैपाक हाय.” ती हसली, मग तिचे हसणे थांबले. “आता पाहा लागत होतं तवा, असं वाटते.”

म्हणजे हे कोणालाच माहीत नाही. शेवटची दहा-बारा वर्षे ते डोळे उघडत होते की दादाचा पांढरा सरला होता तेवढेच खरे उरले होते, हे दारात उभे राहून पाच पावले चालणाऱ्या एका माणसाला कळले असते. तो माणूस मी असू शकत होतो. तो माणूस बाई असू शकत होत्या. कदाचित चित्र खरोखरच सामान्य असेल. बाई दारात उभ्या राहिल्या असत्या, आत चालत गेल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, “काका, सामान्य आहे हो,” तर मी मान खाली घालून अकोल्याची गाडी धरली असती आणि मास्तरांना स्वतः सांगितले असते, टाइल लावा. तो अधिकार त्यांचा होता, आणि त्यांनी तो वापरलाच नाही. भिंत होती तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या भिंत गेल्यावर, आणि तेही सहीने.

माझा अपराध मी वर सविस्तर कबूल केला आहे. त्या दोन पंचांचाही दोष मी माझ्यावर घेतो. आता उरली दुसऱ्या वाक्याखालची सही.

बाई, तुमचा पेपर जुलैत पुन्हा सुरू होईल. नवी मुले येतील, तुम्ही टेबलावर ग्लास ठेवाल. त्या तासाला मी वर्गाच्या दारात उभा असेन. पत्राचे उत्तर मला नको, पत्रे पुष्कळ झाली. मुलांसमोर, मोठ्याने, नियम आधी सांगा आणि मग या एका प्रश्नाचे उत्तर द्या : माझ्या भावाचे चित्र सामान्य होते, हे तुम्ही कुठे उभे राहून पाहिले?